ठळक अक्षरातला ‘एच’

२०१० सालच्या पावसाळ्यात मला थायरॉइड निघाला. आमच्याकडे असंच म्हणतात, ‘थायरॉइड निघाला’. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. सांगलीजवळच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आठवड्याला तीस-बत्तीस तास फळ्यापुढे उभं राहण्याची सवय असलेली मी, त्या वर्षी तिसऱ्या तासालाच खुर्ची ओढून बसायला लागले होते. आवाज घोगरा झाला होता. केस विंचरले की फणीला गुंताच्या गुंता यायचा. जुलैतच मला स्वेटर लागायचा आणि वर्गातली मुलं बघत राहायची. पाळीत इतकं अंगावरून जायचं की दोन दिवस रजा टाकावी लागायची. सासूबाई म्हणायच्या, ‘अगं, रक्त कमी झालंय तुझं, बीट खा, खजूर खा.’ मी तेही केलं.

आमच्या डॉक्टरांनी मानेला हात लावून घोट गिळायला सांगितला आणि तिथेच म्हणाले, ‘टीएसएच करून घ्या.’ टीएसएच आला ५२. चारच्या आत असायला हवा तो. नंतर अँटी-टीपीओ नावाची तपासणी झाली, तिच्यात कळलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटली आहे. हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली तो पहिल्यांदा लिहून ठेवला. मला त्या नावाचं का कोण जाणे बरं वाटलं. आपल्याला जे होतंय ते कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच पाहून ठेवलंय, याचा आधार वाटला.

टीएसएच हा थायरॉइडचा रस नाहीच, हे मला समजायला वेळ लागला. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा निरोप असतो. थायरॉइड नीट काम करत असेल तर हळू आवाजात एकदा सांगून भागतं. ती थकली की वरून हाका वाढत जातात. म्हणून आकडा जितका मोठा तितकी ग्रंथी मंद. हे कळलं तेव्हा रिपोर्ट वाचायला मला पहिल्यांदा बळ आलं. पुढे याच धड्याने मला एका मोठ्या संकटातून बाहेर काढलं, ते येईलच.

गोळी सुरू झाली. पहाटे साडेपाचला अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढचा तासभर चहा नाही. ज्या घरात डोळे उघडले की आधी चहाचं आधण ठेवतात, तिथे हा एक तास काढणं सोपं नसतं. यांनी पहिले दोन महिने माझ्यासोबत स्वतःचा चहाही थांबवला. गोळीची बाटली फ्रिजवर ठेवायची नाही, तिथे ऊब लागते. ती मी देवघराच्या कोनाड्यात ठेवली, म्हणजे पहाटे हात आपोआप जायचा. तीन महिन्यांत टीएसएच नऊवर आला, सहा महिन्यांत तीनवर. केस गळायचे थांबले. आवाज परत आला. पुढची पाच वर्षं माझी चांगली गेली. गोळी नीट घेतली, वेळेवर तपासलं, तर या आजाराबरोबर माणूस छान जगतो, हे मी स्वतःच्या जिवावरून सांगते.

मग २०१६ च्या सुमारास पुन्हा काहीतरी बिघडायला लागलं.

या वेळची थकणूक वेगळी होती. पहिली थकणूक जड होती, अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखी. ही आतून पोखरत होती. नडग्या दुखायच्या, मांड्यांची लांब हाडं दुखायची, तीही रात्री, पडल्यावर. तहान लागायची. रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठायचे. पोट साफ होत नव्हतं. फळ्यावर उदाहरण सोडवताना मधली पायरी डोक्यातून निसटायची. इतकी वर्षं शिकवलेल्या वर्गसमीकरणाच्या मधोमध मी एकदा खडू हातात धरून गप्प उभी राहिले. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, ‘बाई, बी वर्ग.’ घरी येऊन मी रडले. रडणंही त्या काळात फार वाढलं होतं. कारण नसताना संध्याकाळ झाली की मन खाली खाली जायचं.

आणि या सगळ्याला सगळ्यांकडे एकच उत्तर तयार होतं. ‘तुला थायरॉइड आहे ना, मग हे असं होणारच.’ नातेवाईक म्हणायचे, शिक्षकखोलीत म्हणायचे, दवाखान्यातही म्हणायचे. टीएसएच २.६ असायचा, म्हणजे थायरॉइडची बाजू ठीक होती, तरी गोळी वाढवली गेली. ७५ ची ८८ झाली, ८८ ची १००. त्यानं छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरायला लागले, टीएसएच ०.१ वर उतरला, मग पुन्हा ७५. एक वर्ष यात गेलं. मला आज सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं, की त्या उत्तरावर मीही विश्वास ठेवला. एकदा एका आजाराचं नाव चिकटलं की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकली जाते. खातं बरोबर आहे का, हे कुणी तपासत नाही.

२०१८ मध्ये मुतखडा झाला. सात मिलिमीटरचा, डाव्या मूत्रवाहिनीत अडकलेला. त्या कळा ज्यांनी सोसल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आधी घरचं सगळं झालं. कुळथाचं कढण, पाषाणभेद, रोज दोन तांबे जास्तीचं पाणी. शेवटी दुर्बिणीने लेझर करून काढला. पालक-टोमॅटो बंद झाले. खडा कशामुळे झाला, हा प्रश्न निघालाच नाही. ‘आपल्याकडचं पाणी जड आहे’ एवढ्यावर तो विषय मिटला.

२०१९ ला पाळी गेली. आता हाडं जपायला हवीत म्हणून कॅल्शियमची गोळी चालू झाली, दिवसाला दोन. सासूबाई प्रेमाने सकाळी नाचणीची आंबील द्यायच्या. २०२१ च्या नोव्हेंबरात शाळेच्या व्हरांड्यात पाय घसरून मी हातावर पडले. साधं पडणं होतं ते. तरी उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, फळ्यावर डाव्या हातानं आकडे. आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या.

मे २०२२ च्या सुट्टीत मी कपाट आवरायला काढलं. बारा वर्षांचे रिपोर्ट तीन फायलींत कोंबलेले होते. मुलगी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती, ती म्हणाली, ‘आई, तू निकालपत्रक करतेस तसं याचं कर ना. तारीख उभी, तपासण्या आडव्या.’ मी मोठा आलेखाचा कागद घेतला आणि भरत गेले. हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच, क्रिएटिनिन. दर दोन-तीन वर्षांनी लॅबचं सगळ्या शरीराचं पॅकेज केलेलं होतं, मुतखड्याच्या आधीच्या तपासण्या होत्या, मनगटाच्या वेळच्या होत्या. त्या प्रत्येक कागदावर, कुठे दुसऱ्या पानावर, कुठे तळाशी, कॅल्शियमची एक ओळ होती.

मी ती भरली. २०१६, १०.६. २०१८, १०.९. २०१९, ११.०. २०२१, ११.३. त्या लॅबची वरची मर्यादा १०.२ होती. प्रत्येक आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘एच’ छापलेला होता. हाय. सहा वर्षं, चार कागद, चारही ठिकाणी ‘एच’. एका कागदावर कुणीतरी निळ्या पेनने टीएसएचला गोल केला होता आणि बरोबर खाली दोन बोटांवर तो ‘एच’ तसाच होता. मुलांच्या पेपरात बेरजेची चूक मला लांबून दिसते. माझ्याच कागदावरचं हे मी सहा वर्षं पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मुलीने तिची पुस्तकं काढली. पॅराथायरॉइड हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. मला वाटलं, थायरॉइडचाच एखादा कोपरा असेल. तसं नाही. नाव सारखं आहे ते फक्त शेजारामुळे. थायरॉइडच्या मागे चिकटून चार बारीक ग्रंथी असतात, तांदळाच्या नाहीतर मसुरीच्या दाण्याएवढ्या. एकेकीचं वजन तीस ते पन्नास मिलिग्रॅम. माझे वडील सांगलीच्या एका सराफी पेढीवर कारकून होते, त्यामुळे मला गुंजेचा हिशोब येतो: अर्ध्या गुंजेहून कमी. थायरॉइडच्या कामाशी त्यांचा काही संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. कॅल्शियम उतरलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला सांगतं, आणि ड जीवनसत्त्वामार्फत आतड्याकडूनही जास्त खेचतं. कॅल्शियम पुरेसं झालं की त्या गप्प बसतात. चारांतली एखादी बिघडून वाढली तर ती गप्प बसतच नाही. मग हाडं झिजत राहतात, रक्तात कॅल्शियम साचतं, लघवीतून जाताना खडे करतं. हाडं, मुतखडा, पोट, मन. माझी सहा वर्षं त्या एका पानावर लिहिलेली होती.

जूनमध्ये आम्ही मिरजेला हार्मोन्सच्या तज्ज्ञांकडे गेलो. मी आलेखाचा कागद त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: ‘मॅडम, कॅल्शियमची गोळी आजपासून बंद.’ मग पुन्हा रक्त काढायला लावलं. तंत्रज्ञाला त्यांनी मुद्दाम सांगितलं की दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू नको, त्यानेही कॅल्शियम वाढलेलं दिसतं. सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन तपासलं, कारण रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून फिरतं, ती जास्त-कमी असली तर आकडा फसवतो. माझं अल्ब्युमिन ठीक होतं. कॅल्शियम ११.६. पीटीएच १८६, जिथे ६५ ही वरची मर्यादा.

इथे मला टीएसएचचा जुना धडा उपयोगी पडला. दोन आकडे सुटे वाचायचे नसतात. कॅल्शियम इतकं वर असताना पीटीएच तळाला जायला हवं होतं. अगदी ४०-५० असतं, म्हणजे रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून आलं असतं, तरीही ते चूकच ठरलं असतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. इतर कितीतरी जण त्या ‘नॉर्मल’पाशीच परत फिरतात म्हणे. दोन्ही वर, म्हणजे दोष ग्रंथीतच.

मध्येच एका दुसऱ्या ठिकाणी दाखवलं तेव्हा ऐकायला मिळालं की ‘तुमचं ड जीवनसत्त्व १२ आहे, त्यामुळेच पीटीएच वाढलंय, साठ हजार युनिटचं सॅशे दर आठवड्याला घ्या, आपोआप खाली येईल.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घोळाचं आहे. ड कमी असलं की पीटीएच वाढतंच. पण त्या प्रकारात रक्तातलं कॅल्शियम कमी असतं किंवा जेमतेम असतं. ते वर जात नाही. माझ्या मिरजेच्या डॉक्टरांनीही ड दिलं, पण जपून, दर थोड्या दिवसांनी कॅल्शियम तपासत.

चोवीस तासांची लघवी साठवायची होती. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला. सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दिवसभराची आणि रात्रीची, ते दुसऱ्या दिवशीची पहिली धरून, एकही थेंब बाहेर जाता कामा नये. रविवार निवडला. एक आनुवंशिक प्रकार असतो, ज्यात रक्तात कॅल्शियम जास्त असूनही लघवीतून फारच कमी जातं. त्यात सहसा ऑपरेशनची गरज नसते, आणि केलं तरी उपयोग होत नाही. ती शक्यता आधी काढून टाकायची होती. माझ्या लघवीत ३४० मिलिग्रॅम आलं, म्हणजे तो प्रकार नव्हता. हाडांची घनता मोजली, त्यातही मनगटाजवळच्या हाताची वेगळी घेतली. तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत कमरेचा मणका उणे २.३, खुबा उणे १.७, आणि हात उणे ३.१. पीटीएच हाडाच्या घट्ट कवचावर जास्त मार करतं, आणि हाताचं ते हाड म्हणजे बहुतांशी कवचच. नोव्हेंबरातलं मनगट साध्या घसरण्याने का मोडलं, त्याचं उत्तर मिळालं.

आता चारांतली कुठली बिघडली ते शोधायचं होतं, आणि इथे माझी सगळ्यात जास्त घालमेल झाली.

मानेच्या सोनोग्राफीत थायरॉइड खडबडीत दिसली, हाशिमोटोमुळे. तिच्यात नऊ मिलिमीटरची एक गाठही निघाली. ‘गाठ’ हा शब्द ऐकून घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. ती साधी होती, सुई घालण्याएवढीही नव्हती, नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. पण त्या खडबडीत थायरॉइडच्या मागचं काही दिसेना. मग सेस्टामिबी स्कॅन. शिरेतून टेक्नेशियमचं औषध देतात, वीसेक मिनिटांनी एक फोटो आणि दोन तासांनी दुसरा. थायरॉइडमधून औषध लवकर धुऊन जातं, बिघडलेली पॅराथायरॉइड ते धरून ठेवते, म्हणून दुसऱ्या फोटोत एक ठिपका उरायला हवा. मी दोन तास बाकावर मनातल्या मनात पाढे म्हणत बसले. ठिपका उरला नाही. रिपोर्टवर आलं: काही आढळलं नाही.

घरी आल्यावर माझे दीर म्हणाले, ‘वहिनी, काही नाही म्हणजे बरंच झालं की!’ ते आनंदाने म्हणाले होते. मला मात्र सहा वर्षांचं सगळं परत अंगावर आल्यासारखं वाटलं. पुन्हा मनाचे खेळ ठरणार, पुन्हा ‘थायरॉइडचंच’ होणार. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘निदान रक्ताने झालंय, मॅडम. ते पक्कं आहे. स्कॅन फक्त पत्ता शोधायला असतो. पत्ता मिळाला नाही म्हणून माणूस नाही असं होत नाही.’ हे वाक्य मी निकालपत्रकाच्या कागदावर वर लिहून ठेवलं. ज्यांचा स्कॅन कोरा आला आहे आणि आजारच नाही म्हणून परत पाठवलंय, त्यांच्यासाठी इथेही लिहिते.

त्या आठवड्यात मी खूप वाचलं. या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला लागून एक पिवळट बारीक गोळी दिसली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. माणसात त्या दाखवल्या १८८० मध्ये स्वीडनमधल्या उपसाला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने. ऑपरेशन करून बिघडलेली ग्रंथी काढली ती व्हिएन्नात फेलिक्स मँडल यांनी, १९२५ साली, हाडं मोडत चाललेल्या एका ट्राम कंडक्टरची. आणि अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल नावाच्या जहाजाच्या कप्तानाची गोष्ट तर मी यांना रात्री वाचून दाखवली. हाडं इतकी विरघळली की उंची काही इंचांनी घटली. मान सहा वेळा उघडली, ग्रंथी सापडली नाही. सातव्यांदा, १९३२ मध्ये, ती छातीत सापडली. मूत्रपिंडं तोवर फार बिघडली होती, थोड्याच दिवसांत ते गेले. वाचून हे म्हणाले, ‘आपण पुण्याला जाऊ. ज्यांचं रोजचं काम हेच आहे अशांकडे.’

पुण्यात आणखी एक सीटी स्कॅन केलं, ज्यात रंगद्रव्य देऊन मानेचे फोटो ठरावीक सेकंदांनी घेतात. बिघडलेली ग्रंथी झटकन उजळते आणि झटकन विझते. तिथे ती दिसली. डाव्या बाजूची वरची ग्रंथी, आपली जागा सोडून खाली घसरून अन्ननलिकेच्या बाजूला जाऊन बसलेली. चौदा मिलिमीटर. सर्जननी पडद्यावर बोट ठेवलं तेव्हा मला हायसं वाटलं. आजाराकडे बघून हायसं वाटतं, हे मी आधी कुणी सांगितलं असतं तर मानलं नसतं.

ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये झालं. मला भीती एकाच गोष्टीची होती, आवाजाची. स्वरयंत्राची नस या ग्रंथींच्या अगदी जवळून जाते. मी शिक्षिका आहे, माझं पोट आवाजावर आहे. हे मी सर्जनना स्पष्ट सांगितलं. त्यांनी टाळलं नाही, धोका थोडा का होईना असतो म्हणाले, आणि आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दोन्ही स्वरतंतू दुर्बिणीने बघून घेतले. गळ्याच्या तळाशी चार सेंटिमीटरचा छेद. ग्रंथी काढायच्या आधी रक्त घेतलं, पीटीएच २१२. काढल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा घेतलं, ४१. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे खरी दोषी ग्रंथी निघाली की आकडा लगेच कोसळतो. निम्म्याहून खाली आला म्हणजे दुसरीकडे शोधत बसायला नको. तो निकाल येईपर्यंत मला भुलीतच ठेवलं होतं.

जाग आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘काहीतरी बोला बरं.’ माझ्या तोंडून निघालं, ‘बे एके बे, बे दुणे चार.’ आवाज जड होता, पण माझाच होता.

काढलेल्या ग्रंथीचं वजन भरलं जवळपास एक ग्रॅम. मासाभर. वडील असते तर त्यांना हे सांगायला फार आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, मग बोटांच्या टोकांना. ड्युटीवरच्या डॉक्टरने माझ्या कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली तसा ओठाचा कोपरा उडाला. कॅल्शियम ७.८ वर आलं होतं. इतकी वर्षं लुटली गेलेली हाडं आता दिसेल ते कॅल्शियम ओढून घेत होती. याला भुकेली हाडं म्हणतात, आणि मला हे नाव फार खरं वाटतं. शिवाय उरलेल्या तीन ग्रंथी इतके दिवस निजलेल्या होत्या, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. शिरेतून कॅल्शियम दिलं, मग दिवसाला चार गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तयार रूप. जी गोळी सात महिन्यांपूर्वी तातडीने थांबवली होती तीच आता उशाशी ठेवून झोपायची होती. ‘मुंग्या आल्या तर वाट बघायची नाही, गोळी चावायची आणि फोन करायचा,’ असं डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं होतं.

त्यात थायरॉइडची गोळी होतीच. कॅल्शियमने तिला आतड्यातच अडवलं तर ती अंगी लागत नाही, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. मी वेळापत्रक करून फ्रिजला लावलं. पहाटे साडेपाच थायरॉइड, साडेसहा चहा, साडेदहाला डब्याबरोबर पहिलं कॅल्शियम. शाळेच्या शिपाईमावशींना ते पाठ झालं होतं. सुट्टीची घंटा झाली की त्या पाण्याचा पेला आणून ठेवायच्या, ‘बाई, गोळी.’ तीन महिन्यांत चाराच्या दोन झाल्या, सहा महिन्यांत एक.

काय सुधारलं? रात्रीचं उठणं आठवड्याभरात थांबलं. पहिल्यांदा सलग झोपले तेव्हा सकाळी दचकून उठले, आपण काहीतरी विसरलो असं वाटून. तहान गेली, पोट सुधारलं. हाडांचं दुखणं हळूहळू, दोन-तीन महिन्यांत ओसरलं. संध्याकाळचं ते मन खचणं कधी गेलं ते कळलंच नाही. एप्रिलमध्ये कधीतरी यांनी लक्षात आणून दिलं की मी भाकऱ्या थापताना गुणगुणत होते. दीड वर्षाने मणक्याची घनता बऱ्यापैकी सुधारलेली होती, हाताची अगदी थोडी. वर्गात मधली पायरी अजून कधीतरी निसटते. थायरॉइडची गोळी तर आयुष्यभर आहे, आणि टीएसएच हलला की पूर्वीसारखंच जडपण येतं. आता मला दोन्ही थकणुकी वेगळ्या ओळखता येतात.

ऑपरेशननंतर सहा महिने कॅल्शियम मर्यादेत राहिलं की बरं झालं असं धरतात. माझं ९.४ राहिलं. तरी वर्षातून एकदा बघायचं आहे, कायम. पन्नाशीच्या आसपास हा आजार निघाला असला तरी घरातल्यांचंही एकदा बघा म्हणाले, काही वेळा तो आनुवंशिक असतो. भावाचं आणि मुलीचं कॅल्शियम केलं. दोघांचं ठीक निघालं.

गेल्या रविवारी माझी थोरली नणंद आली होती. तिलाही सात वर्षं थायरॉइडची गोळी आहे. पाय ओढत जिना चढली, पाणी मागितलं, थोड्या वेळाने पुन्हा मागितलं. बोलता बोलता म्हणाली, मागच्या वर्षी मुतखडा झाला होता, पण ते काय, थायरॉइडचंच सगळं. मी तिची फाईल मागवून घेतली. बारा-पंधरा कागद होते. टीएसएच सगळ्यांवर होता. कॅल्शियम एकावरही नव्हतं.

सोमवारी सकाळी तिला लॅबमध्ये घेऊन गेले. कॅल्शियम, अल्ब्युमिन, पीटीएच, तिन्ही एकाच वेळी सांगितलं. पट्टा लगेच सोडायला लावला. पीटीएचला दोन दिवस लागतात, रिपोर्ट उद्या यायचा आहे. तोवर मी आलेखाचा एक नवा कागद आणून तिच्या नावाने रकाने आखून ठेवले आहेत.